हजार हत्तींचे राज्य
राणी दुर्गावतीचा कारभार कसा चालायचा आणि तो दोन दिवसांत का कोसळला

उत्तर नागपुरात राणी दुर्गावतीच्या नावाचा चौक आहे. दरवर्षी २४ जूनला, तिच्या बलिदान दिनी, विदर्भातले गोंड समाजबांधव ठिकठिकाणी तिला अभिवादन करतात. पण इतिहासाचे पुस्तक उघडले की कोडे पडते. राणी गेली १५६४ साली. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने बारा वाड्या-वस्त्या जोडून नागपूर वसवले ते १७०२ च्या सुमारास. राणीचे राज्य होते गढ्याचे, म्हणजे आजच्या जबलपूर-मंडला भागातले. मग ती नागपूरकरांची कशी झाली?

उत्तर नकाशात आहे. गढ्याच्या राज्यातल्या बावन्न गडांची जी यादी परंपरेने सांगतात, तिच्यात नागपूर-सिवनीच्या सीमेवरचे डोंगरतालही येते. पुढे १७९९ मध्ये मंडल्याचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत केला, तेव्हा जबलपूर आणि मंडल्याची राजधानी नागपूरच होती आणि ती १९५६ पर्यंत राहिली. राज्यपुनर्रचनेने मध्ये रेघ ओढली खरी, पण गोंडांची गोत्रे, देव आणि सोयरिकी त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना राहिल्या.

हे कोडे सोपे होते. खरे अवघड कोडे पुढेच आहे. अकबराचा इतिहासकार अबुल फजल लिहितो की या राणीपाशी वीस हजार घोडदळ आणि एक हजार हत्ती होते. तोच पुढे लिहितो की मोगल फौज दमोहपर्यंत येऊन ठेपली, तेव्हा राणीजवळ जेमतेम पाचशे माणसे उरली होती. लिहिणारा एकच आणि राणीही एकच. मग वीस हजारांचे पाचशे कसे झाले? फितुरी, नशीब, दगा अशी तयार उत्तरे देता येतात. पण हे राज्य चालायचे कसे ते समजून घेतले, तर त्यांची फारशी गरज उरत नाही.

रानातली श्रीमंती

जंगल म्हणजे मागासपणा आणि मागासपणा म्हणजे गरिबी, हे समीकरण आपल्या डोक्यात इंग्रजी अमदानीपासून घट्ट बसले आहे. सोळाव्या शतकात ते लागू नव्हते. सातपुडा आणि नर्मदेच्या खोऱ्यातल्या रानांत तेव्हा रानटी हत्तींचे कळप होते, आणि हत्ती ही त्या काळची सर्वांत महाग लष्करी वस्तू होती. तटबंदीचे दार फोडायला, शत्रूच्या रांगा विस्कटायला आणि बादशहाला नजराणा द्यायला हत्तीच लागे. ज्याच्या रानात हत्ती, त्याच्या घरात टांकसाळ, असाच मामला होता. गढ्याचे लोक सारा सोन्याच्या मोहरांत आणि हत्तींत भरत, असे अकबराच्या दरबारात सांगितले जाई.

ही श्रीमंती उभी केली दुर्गावतीचा सासरा संग्राम शाह याने. त्याचे मूळ नाव अमनदास. गुजरातच्या बहादूर शाहाला रायसेनच्या मोहिमेत मदत केल्याबद्दल त्याला हा किताब मिळाला. त्याच्या नावाची सोन्याची नाणी सापडली आहेत. स्वतःचे सोन्याचे नाणे पाडणारा राजा कुणाचा मिंधा नसतो, एवढे त्यावरून कळते.

बावन्न गड, तेवीस हजार गावे

राज्य मोठे, पण ते एका मुठीत धरलेले नव्हते. त्याची घडण समजण्यासाठी गावाच्या पातळीवरून वर चढत जाऊ.

सर्वांत खाली गाव. गावांचा एक पुंजका एका गडाखाली. गडावर एक प्रमुख, बहुधा त्याच मातीतला आणि त्याच कुळातला. त्याची रयत त्याला ओळखते, तो राजाला ओळखतो. राजाने बोलावले की गडप्रमुख आपली माणसे, घोडे आणि हत्ती घेऊन निघे. एरवी तो आपला मुलूख आपल्या रीतीने चालवी. अबुल फजलच्या सांगण्यानुसार राज्यात वस्तीची गावे तेवीस हजार होती. त्यांतल्या बारा हजारांवर राणीचे स्वतःचे शिकदार, म्हणजे वसुली आणि बंदोबस्त पाहणारे अंमलदार बसत. उरलेली अकरा हजार मांडलिकांकडे होती.

हे आकडे जुन्या बखरींतल्या आकड्यांसारखे ऐसपैस असतील. महत्त्वाचे आहे ते प्रमाण. निम्म्याहून थोडी जास्त गावे थेट राणीच्या हाताखाली आणि बाकीची मानापानाच्या, सोयरिकीच्या, शब्दाच्या धाग्याने बांधलेली. डोंगराळ मुलखात ही पद्धत स्वस्त पडते. दर दरीत राजधानीचा कारकून बसवायचा तर त्याच्या पगारातच सारा संपून जाईल.

पाणी अडवा, गाव बसवा

जबलपूरला गेलात तर तीन नावे हमखास कानावर पडतात: रानीताल, चेरीताल आणि आधारताल. पहिला तलाव राणीने बांधला, दुसरा तिच्या दासीच्या नावाचा आणि तिसरा तिचा दिवाण आधार कायस्थ याचा, असे तिथे परंपरेने सांगतात. आज ही वस्त्यांची नावे झाली आहेत. पण ही तीन नावे एकत्र ठेवून पाहा. राणी, दासी आणि दिवाण या तिघांच्याही नावे तलाव आहेत. म्हणजे तलाव बांधणे हे त्या राज्यात प्रतिष्ठेचे काम होते.

त्यामागे भूगोल आहे. मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या. अशा टणक खडकात विहीर खोदणे कष्टाचे आणि पाणी लागेलच याची खात्री नाही. पाऊस मात्र चार महिने भरपूर. उतारावरून धावणारे पाणी योग्य जागी मातीच्या पाळीने अडवले की ते साठते, हळूहळू मुरते, खालच्या शेताला ओल देते आणि उन्हाळ्यात गुरांना पाजते. पाळ टिकली तर गाव टिकते आणि गाव टिकले तर सारा येतो.

हे विदर्भाला वेगळे सांगायला नको. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले जुने तलाव याच विचाराचे. चांद्याच्या गोंड राजांनी तर जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन देण्याची रीत ठेवली होती. राजाला पदरचे पैसे न घालता तलाव मिळे, बांधणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्यांची शेती मिळे. सरकारी खर्चाविना सार्वजनिक काम करून घेण्याची ही युक्ती गोंड राज्यांची मोठी देणगी आहे.

चंदेलांची लेक, गोंडांची सून

दुर्गावतीचा जन्म परंपरेने ५ ऑक्टोबर १५२४ चा मानतात, ठिकाण कालिंजरचा किल्ला. अबुल फजल तिच्या वडिलांना राठ-महोब्याचा चंदेल राजा म्हणतो. चंदेल म्हणजे खजुराहोची देवळे उभारणारे घराणे. पण सोळाव्या शतकात त्यांच्याकडे नाव उरले होते, बळ नव्हते. गोंडांकडे बळ होते, सोने होते, पण राजपूत घराणी त्यांना आपल्या पंगतीला बसवायला तयार नव्हती. १५४२ च्या सुमारास दुर्गावतीचे संग्राम शाहाचा मुलगा दलपत शाह याच्याशी लग्न झाले, तेव्हा एका घराला आधार मिळाला आणि दुसऱ्याला मान. लोककथेत मात्र हा प्रेमविवाह आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असायला काही हरकत नाही.

तीन वर्षांच्या आतच शेरशाह सुरीने कालिंजरला वेढा घातला. १५४५ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात तो स्वतः मेला, पण किल्ला पडला. दुर्गावतीला परतायला माहेर उरले नाही. त्याच सुमारास तिला मुलगा झाला, वीर नारायण. तो पाचेक वर्षांचा असताना दलपत शाह वारला.

मुलाच्या नावाने, आईच्या हुकमाने

इथे एक प्रश्न पडायला हवा. दलपत शाहाचा भाऊ चंद्र शाह हयात होता. जवान दीर बाजूला आणि विधवा भावजय गादीवर, हे घडले कसे?

सोळाव्या शतकात याची किल्ली बहुधा एकच असे: अज्ञान वारस. राजा मूल असेल तर त्याच्या वतीने कुणीतरी कारभार पाहावा लागतो. काका पाहील तर तो उद्या पुतण्यालाच दूर सारील ही भीती. आईचे हित मात्र मुलाच्या गादीत गुंतलेले, म्हणून सरदारांना तिचा भरवसा वाटे. फ्रान्समध्ये १५६० साली दहा वर्षांचा नववा चार्ल्स राजा झाला, तेव्हा कातरीन द मेदिची हिने असाच कारभार हाती घेतला. युरोपातल्या प्रबोधनकाळातली ही सर्वांत गाजलेली राजमाता दुर्गावतीपेक्षा पाचच वर्षांनी मोठी होती. इंग्लंडच्या गादीवर १५५८ मध्ये पहिली एलिझाबेथ आली. तिला वारसाच्या आडोशाची गरज नव्हती, ती स्वतःच्या हक्काने राणी झाली. दुर्गावती हक्काने कातरीनच्या रांगेतली आणि कारभाराने एलिझाबेथच्या.

तिने वीर नारायणला गादीवर बसवले. आधार कायस्थ आणि मान ब्राह्मण या दोघांना कारभारी नेमले. राजधानी सिंगौरगडाहून सातपुड्यातल्या चौरागडावर, म्हणजे आजच्या नरसिंहपूर जिल्ह्यात नेली. उत्तरेच्या मैदानापासून दूर, चढायला कठीण आणि खजिना ठेवायला सुरक्षित. माळव्याचा बाज बहादूर, रूपमतीच्या प्रेमासाठी प्रसिद्ध असलेला तोच, बाई राज्य करते आहे असे पाहून चाल करून आला आणि सपाटून मार खाऊन परतला. तिला बंदूक आणि बाण दोन्ही अचूक चालवता येत. वाघ आल्याची खबर लागली की तो मारेपर्यंत ती पाणी घेत नसे, असे खुद्द अबुल फजलने नोंदवले आहे. शत्रूच्या दरबारातल्या लेखकाने इतके लिहावे, यात तिचा दबदबा दिसतो.

सुमारे पंधरा वर्षे हे राज्य सुखाने चालले.

हत्ती खातो किती?

आता वीस हजारांचे पाचशे कसे झाले ते पाहू.

एका मोठ्या हत्तीला दिवसाला सुमारे दीड क्विंटल चारा लागतो. हजार हत्ती एका जागी बांधले तर रोज दीड हजार क्विंटल. असा तळ महिनाभर एका ठिकाणी ठेवला तर आसपासचे रान उजाड होईल. म्हणून हत्ती गडागडांवर, रानारानांत विखुरलेलेच ठेवावे लागत. घोड्यांचे तेच. आणि स्वार-शिपाई तर बहुतेक आपापल्या गावचे शेतकरी. वर्षभर छावणीत बसवून पगार द्यायला जो रोख पैसा लागतो, तो या पद्धतीत जमवावाच लागत नसे. गरज पडली की बोलावणे जाई आणि गडावरून माणसे निघत.

ही व्यवस्था आपल्याकडच्या गावजेवणासारखी होती. कोणाच्याच घरी हजार माणसांचे पीठ नसते. आठ दिवस आधी सांगितले की कुणी गहू देतो, कुणी डाळ, कुणी सरपण, कुणी भांडी, आणि हजार पाने उठतात. पण न सांगता शंभर माणसे दारात उभी राहिली तर चूल थंडच असते. गाव गरीब आहे म्हणून नव्हे; धान्य घराघरांत आहे म्हणून.

बाज बहादूरच्या वेळी गावाला सांगावा पोचायला वेळ मिळाला होता. १५६४ मध्ये तो मिळाला नाही. १५६१-६२ मध्ये माळवा अकबराच्या हाती गेला आणि पश्चिमेला मोगलांची हद्द राणीच्या सीमेला येऊन भिडली. उत्तरेला कडा-माणिकपूरचा सुभेदार आसफ खान याने पन्न्याचा राजा नमवला. त्याने गढ्याशी वरून सलोखा ठेवला आणि हेर व व्यापारी पाठवून वाटा, घाट आणि खजिन्याची बित्तंबातमी काढली. मग दहा हजार घोडदळ घेऊन तो थेट दमोहला आला. तोवर शिपाई आपापल्या घरी पांगलेले. आधार कायस्थाने राणीला हीच वस्तुस्थिती सांगितली. तिने माघार घेतली, रानात शिरली आणि माणसे गोळा करू लागली. पाचशेंचे दोन हजार आणि दोन हजारांचे पाचएक हजार झाले. चूल पेटत होती, पण पाहुणे दारात आले होते.

नरईची खिंड

तिने निवडलेली जागा आजच्या जबलपूर-मंडला रस्त्यावर बरेलाजवळ आहे. एका अंगाला नर्मदा, दुसऱ्या अंगाला गौर नदी आणि दोन्हीकडे डोंगर. अशा अरुंद जागेत दहा हजार घोडेस्वारांतले थोडेच एका वेळी पुढे येऊ शकतात. म्हणजे शत्रूची संख्या निरुपयोगी होते. जागा अचूक होती.

खिंडीचे तोंड राखताना हत्तींचा फौजदार अर्जुनदास बैस पडला. तेव्हा राणी स्वतः उतरली आणि मोगलांची आघाडी मागे रेटली. संध्याकाळी तिने सरदारांपुढे प्रस्ताव ठेवला: आज रात्रीच छापा घालू, नाही तर सकाळी आसफ खान स्वतः तोफा घेऊन खिंडीच्या तोंडाशी उभा राहील. सरदार तयार झाले नाहीत.

तिचे गणित बिनचूक होते. खिंड घोडदळाला निकामी करते, पण तोफेला नाही. उलट अरुंद जागेत दाटीने उभ्या असलेल्या फौजेवर तोफेचा गोळा जास्त घातक. मागाहून येणाऱ्या तोफा मोक्यावर पोचण्याआधीच्या त्या काही तासांतच लढाई जिंकण्याजोगी होती. सकाळी तिने सांगितले तसेच झाले.

दुसऱ्या दिवशी ती सरमन नावाच्या हत्तीवर बसून लढली. वीर नारायण जखमी झाला. त्याला सुरक्षित जागी पोचवायला बरेच लोक त्याच्यासोबत गेले आणि राणीपाशी सुमारे तीनशे उरले. एक बाण तिच्या कानशिलात लागला, तो तिने स्वतः उपसला. दुसरा मानेत रुतला आणि तिला घेरी आली. शुद्धीवर आल्यावर तिने माहुताला आपल्याला मारायला सांगितले. तो तयार होईना. तेव्हा तिने खंजीर काढून स्वतःवर चालवला. तिची चाळिशीही पुरी व्हायची होती.

पुढे सुमारे दोन महिन्यांनी चौरागड पडला. वीर नारायण लढताना मेला, गडावरच्या स्त्रियांनी जोहार केला. खजिन्यात अल्लाउद्दीन खिलजीच्या काळच्या सोन्याच्या मोहरांनी भरलेले शंभरएक हंडे निघाले, असे अबुल फजल लिहितो. हाती लागलेल्या हजार हत्तींपैकी आसफ खानाने बादशहाकडे फक्त दोनशे धाडले. काही वर्षांनी अकबराने दहा गड काढून घेऊन उरलेले राज्य त्याच चंद्र शाहाला, राणीच्या दिराला, दिले.

दोन राण्या, दोन रात्री

एकतीस वर्षांनी मोगल फौज दख्खनेत उतरली आणि अहमदनगरला पुन्हा एक राजकारभारी स्त्री तिच्यासमोर उभी राहिली: चांदबिबी. तीही लहान वारसाच्या वतीने लढत होती. १५९५-९६ च्या वेढ्यात सुरुंगाने तट फुटला. चांदबिबीने रातोरात ते खिंडार बुजवून घेतले आणि सकाळी मोगलांपुढे पुन्हा भिंत उभी होती. शेवटी तह झाला. त्यात वऱ्हाड गेले, पण नगर त्या वेळी वाचले.

दोघींनाही एकेक रात्र मिळाली होती आणि दोघींनाही तिची किंमत कळली होती. फरक राज्यांच्या घडणीत होता. नगरला पगारी फौज, तोफखाना आणि दगडी कोट एका जागी होते. चांदबिबीचा हुकूम सुटला की पाथरवट हलत. गढ्यात सरदार हे आपापल्या माणसांचे मालक. त्यांना हुकूम देता येत नसे, त्यांची संमती घ्यावी लागे. जी सैल वीण पंधरा वर्षे तलाव बांधत, सारा गोळा करत, कुणालाही न चिरडता राज्य चालवून गेली, तीच वीण त्या एका रात्री राणीच्या हाताबाहेर होती.

म्हणून दुर्गावतीच्या शौर्याचे पोवाडे गाताना तिच्या कारभाराचाही अभ्यास व्हायला हवा. शौर्याने ती एक दिवस जिंकली, पण लोकांनी तिला साडेचारशे वर्षे लक्षात ठेवले ते त्या पंधरा वर्षांमुळेही. बरेलाजवळच्या तिच्या समाधीवर वाटसरू आपल्याला सापडलेला सर्वांत चांगला पांढरा दगड वाहतात, ही रीत इंग्रज अधिकारी कर्नल स्लीमनने एकोणिसाव्या शतकातच नोंदवली होती. ती कुठल्या सरकारने घालून दिलेली नव्हती. जबलपूरच्या विद्यापीठाला १९८३ मध्ये तिचे नाव मिळाले, १९८८ मध्ये टपाल तिकीट निघाले. लोकांचा मान त्याच्या कितीतरी आधीचा.

चौकट: थोडक्यात

• कोण: दुर्गावती, जन्माने चंदेल, गढ्याच्या गोंड राज्याची राणी. जन्म १५२४, मृत्यू २४ जून १५६४. मुलगा वीर नारायण याच्या वतीने सुमारे पंधरा वर्षे कारभार.

• राज्य श्रीमंत का: रानातले हत्ती, नर्मदेचे सुपीक खोरे आणि पावसाचे पाणी अडवणारे तलाव.

• कारभार कसा: गावे गडांखाली, गड राणीखाली. निम्म्याहून जास्त गावांवर राणीचे अंमलदार, बाकी मांडलिकांकडे.

• फौज का जमली नाही: हत्ती, घोडे आणि शिपाई मुलूखभर विखुरलेले. ते गोळा व्हायला वेळ लागे, तो आसफ खानाने दिला नाही.

• लढाई कुठे फिरली: पहिल्या दिवशी खिंडीने राणीला साथ दिली. रात्रीचा छापा सरदारांनी नाकारला आणि सकाळी तोफा पोचल्या.

• नागपूरशी नाते: सीमेवरचे डोंगरताल, १७९९ पासून भोसल्यांचा मंडल्यावरचा अंमल, १८६१ ते १९५६ ची एकच राजधानी आणि दोन्हीकडे पसरलेला गोंड समाज.